होले, ज्वारी आणि जुने बंदूकवाले

बऱ्हाणपुराकडील चार वृद्ध माणसे थंडीच्या दिवसांत उन्हाला बसली, की बोलण्याचा ओघ पाऊसपाणी, केळीचा भाव आणि आगगाड्यांचा उशीर असा फिरत फिरत एका प्रश्नावर हमखास येऊन थांबतो: होले गेले कुठे? प्रश्न विचारणारे बहुधा एकेकाळचे बंदूकवाले असतात. शेजारी बसलेला एखादा तरुण शिक्षक मग जरा तिरकसपणे म्हणतो, ‘‘तुम्हीच मारले असतील, काका.’’ आणि काका शांतपणे उत्तर देतात, ‘‘आम्ही मारले ते पातेल्यात मावत होते, बाबा. शेतात मावत नव्हते ते कुठे गेले, ते तू शोध.’’

लालबागेतील आमच्या आळीत हा संवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यात थट्टा आहे, पण नुसती थट्टा नाही. एका पिढीने आपल्या तारुण्यातील एका शौकाचा हिशेब दुसऱ्या पिढीला द्यावयाचा आहे, आणि हिशेब मागणाऱ्यास साक्षीदारावर विश्वास नाही. ज्याने बंदूक चालविली त्याने ‘‘बंदुकीने काही झाले नाही’’ असे म्हणावे, हे ऐकणाऱ्यास सोयीस्कर वाटते. तेव्हा या साक्षीची किंमत किती करावी, हे पाहिले पाहिजे.

प्रथम पक्ष्यांची ओळख करून घेऊ. कारण निम्मा घोळ नावांचा आहे. शहरात कौलांवर, गिरणीच्या भिंतींवर आणि स्टेशनच्या छपरात घुमतो तो पारवा, म्हणजेच कबुतर. होले निराळे. अंगाने लहान, मऊ तपकिरी रंगाचा, मानेपाशी बारीक ठिपक्यांची पट्टी असलेला छोटा होला. मानेमागे पांढऱ्या ठिपक्यांची काळी शाल पांघरलेला कवडा. राखी अंगाचा आणि काळ्या कंठीचा पठाणी होला. आणि विटेच्या रंगाचा लाल होला. आमच्याकडील उर्दू बोलणारे शेजारी या सर्वांना मिळून ‘फाख्ता’ म्हणतात व मोकळे होतात. हरियल हा आणखी वेगळा. तो वड, पिंपळ, उंबरांची फळे खाणारा, हिरवा-पिवळा, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीवर पाय ठेवीत नाही, उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो, अशी लोकसमजूत आहे. पाण्यासाठी तो खाली येतो हे पाहणाऱ्यांनी पाहिले आहे, परंतु समजुती असल्या साक्षीने मोडत नाहीत. सडकेच्या कडेचे जुने वड गेले तेथून हरियल गेला, याविषयी आमच्या बैठकीत दुमत नाही. वाद आहे तो होल्यांचा.

बऱ्हाणपूर आणि शिकार यांचा संबंध जुना. तापीपलीकडे जैनाबादेस आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण, बादशाही शिकारीसाठी राखलेली ती जागा. १६३१ साली मुमताजमहल येथे निवर्तली तेव्हा तिचा देह आग्र्यास नेईपर्यंत तेथेच ठेवला होता. कबुतरांचे वेड तर मोगलांचे प्रसिद्धच. अकबर कबुतरे उडविण्याच्या खेळास ‘इश्कबाजी’ म्हणे, आणि त्याच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, अशी नोंद ‘आईने अकबरी’त आहे. आमची लालबागही त्याच काळातील बागेवरून नाव घेऊन बसलेली. तिच्याजवळच १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानांच्या अमदानीत बांधलेला कुंडी भांडारा, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणणारा. त्याच्या शंभराहून अधिक कुंड्या रांगेने शेतांतून गेल्या आहेत. मराठी घरे येथे त्यानंतर आली. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांकडे आले, आणि त्या सुमारास व पुढे शिंद्यांच्या काळात जी कुटुंबे आली त्यांतील कित्येक येथलीच झाली. त्यांच्या माजघरात पूजेची भांडी असत, तशी काही घरांत खुंटीवर बंदूकही असे.

आमच्या घरी ती काकांची होती. दुनळी, बारा बोअरची, परवाना पीकसंरक्षणाचा. रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक रविवारी होल्यांसाठी निघे. काका मोठे निशाणबाज नव्हते, पण हिशेबी होते. काडतूस महाग, म्हणून किती खर्ची पडली, काय मिळाले आणि कोणत्या शेतात, हे ते दुकानाच्या जमाखर्चासारखे एका जाड वहीत लिहीत. वही अजून आमच्या फडताळात आहे. वाचनीय म्हणावी अशी ती नाही. ‘‘मार्गशीर्ष वद्य पंचमी, पाटलांचे खळे, चार काडतुसे, पाच होले, एक हुकला’’ अशा ओळी पानोपानी. पण तिच्यातील एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. काका पक्ष्याचे नाव पुष्कळदा गाळीत, शेताचे कधी गाळीत नसत.

त्याचे कारण जुन्या बंदूकवाल्यांना विचारले की ते हसतात. होले शोधीत रानोमाळ कोणी हिंडत नसे. ज्वारीची कापणी झाली, कणसे खळ्यावर आली, मळणी-उपणणी सुरू झाली, की होले आपोआप येत. खळ्याभोवती सांडलेले दाणे आणि कापलेल्या रानातला सरवा हे त्यांचे अन्न. सकाळी दोन घटका चरून ते बाभळींवर बसत आणि उन्हे उतरली की पाण्यावर जात. जाण्यायेण्याची वाट ठरलेली, वेळ ठरलेली. तापीकाठच्या काळ्या रानात रब्बीची दादर ज्वारी निघे तेव्हा फाल्गुनात हाच प्रकार पुन्हा होई. म्हणजे शिकाऱ्याला पक्षी ठाऊक असण्यापेक्षा पीक ठाऊक असावे लागे.

येथे साक्षीतील खोटही सांगितली पाहिजे. बंदूकवाला रिकाम्या रानात जात नाही. जेथे होले भरपूर आहेत असे कळले तेथेच तो जातो, आणि नंतर तेच दिवस त्याच्या स्मरणात राहतात. ‘‘आभाळ झाकोळून जाई’’ हे वाक्य प्रत्येक शिकाऱ्याच्या तोंडी असते. ते खळ्यावरचे आभाळ असते, तालुक्याचे नव्हे. काकांच्या वहीतही न गेलेल्या रविवारांची नोंद नाही. शिवाय चार काडतुसांत पाच होले यावरून होले किती होते हे कळत नाही. ते किती दाटीने बसले होते एवढेच कळते. तेव्हा या मंडळींनी ‘‘पूर्वीच्या मानाने चार आणेही राहिले नाहीत’’ असे म्हटले तर आम्ही आकडा बाजूला ठेवतो. पण कोठे होते व का होते हे जेव्हा ते सांगतात, तेव्हा मात्र कान देतो. कारण त्या बाबतीत चूक झाली तर त्यांचा रविवार फुकट जात असे.

आता बंदुकीवरील आरोप. तो निराधार नाही. उत्तर अमेरिकेत प्रवासी पारवा नावाचा पक्षी असंख्य संख्येने होता. त्याचे थवे सूर्य झाकीत. तारेने थव्यांची बातमी कळू लागली, आगगाडीने माल शहरी जाऊ लागला, जंगलेही तुटली, आणि धंदेवाईक शिकाऱ्यांनी काही दशकांत तो संपविला. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जो थव्याने एका ठिकाणी घरटी करतो आणि वर्षाला एकच अंडे घालतो, त्याला बंदूक संपवू शकते.

याच्या अगदी उलट गोष्ट इंग्लंडमधील. तेथे शेतांवर रानपारव्यांचा मोठा उपद्रव, आणि त्यांना मारणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य समजले जाई. रोनाल्ड मर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने केंब्रिजशरमधील शेतांवर वर्षानुवर्षे हे पक्षी मोजले. त्याला आढळले ते असे, की हिवाळ्यात कितीही बार काढले तरी वसंतात उरणाऱ्या पारव्यांची संख्या ठरते ती शेतातील क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर. बंदुकीने जे मारले ते बहुतांशी उपासाने मरणारच होते. पुढे १९७०नंतर तेथे मोहरीच्या जातीचे एक तेलबियांचे पीक वाढले, त्याची कोवळी पाने भर हिवाळ्यात मिळू लागली, आणि बंदुका चालूच असता पारवे वाढले.

आमचे होले कोणत्या बाजूचे? ते थव्याने घरटी करीत नाहीत. चार काड्यांचे घरटे, खालून पाहिले तर अंडी दिसावीत इतके विरळ. बोराटीत, तुळईवर, प्रसंगी न्हाणीघराच्या खिडकीतही. अंडी दोन, पण वर्षातून अनेक वेळा. पिलांना आईबाप दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारे दूध पाजतात, त्यामुळे किड्यांच्या हंगामाची त्यांना वाट पाहावी लागत नाही. अशा पक्ष्याची रविवारची बंदूक फारशी हानी करीत नाही. आणि हे तपासण्याची संधीही आम्हांस मिळाली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यावाचून शिकार बंद केली. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. काकांनी बंदूक त्याआधीच जमा केली होती. बार थांबून तीन दशकांहून अधिक काळ लोटला. बंदूक हेच कारण असते तर एवढ्या अवधीत होल्यांनी लालबागेची शेते पुन्हा भरून टाकावयास हवी होती. तसे झालेले नाही.

झाले आहे ते असे. लालबागेपासून पाटलांच्या त्या खळ्यापर्यंत आज चालत गेले तर दोन्ही बाजूंस केळी. बऱ्हाणपूर जिल्ह्याची ओळखच आता केळी आहे, आणि पलीकडे रावेर-सावद्यापर्यंत तोच हिरवा पट्टा. कूपनलिका आल्या, ठिबक आले, आणि ज्या रानात एक पीक निघे तेथे बारमाही बाग उभी राहिली. शेतकऱ्याने काय चुकीचे केले? ज्वारीने मुलांची शिक्षणे होत नव्हती. सबंध देशातच १९७०च्या सुमारास ज्वारी सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टरांवर होती. ती आता ४० लाखांच्या आसपास आली आहे. केळीच्या बागेत सावली आहे, ओल आहे, पण दाणा नाही. मोकळी जमीन दिसत नाही, सरवा नाही, खळे तर नाहीच. होल्याने तेथे उतरून करावे काय?

यंदा पौषात आम्ही दोन सकाळी मुद्दाम हिंडलो. केळीच्या पट्ट्यात वाटेच्या कडेला, विजेच्या तारांवर, जोडीजोडीने होले दिसले, थवा नाही. अशीरगडाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याची कोरडवाहू शेते लागली तेथे मात्र कापलेल्या रानातून छोटे होले भुर्रकन उठत होते, आणि एका बाभळीवर पठाणी होल्यांची अशी दाटी होती की काका असते तर त्यांचा हात आपसूक खांद्याकडे गेला असता. म्हणजे होले संपले नाहीत. आमच्या दारातून उठून ज्वारीच्या मागे गेले. आता पायथ्याशीही मोटारी आणि पाइप पोहोचत आहेत. त्या शेतांपुढे डोंगर आहे, दुसरे रान नाही. चिंता असलीच तर ती येथे आहे, खुंटीवरच्या जुन्या बंदुकीत नाही.

दरम्यान शहरात कबुतरे वाढली, हेही खरे. २०२३ साली देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात पारवा आणि मोर हे भरभराटीस आलेल्यांत आहेत, आणि मोकळ्या रानात राहणारे अनेक पक्षी उतरणीस लागलेल्यांत. मुंबईत तर २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गहजब झाला, तो आपल्या वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिलाच असेल. त्यामुळे शहरातला पुतण्या म्हणतो ‘‘वाढले’’ आणि शेतातला काका म्हणतो ‘‘घटले’’. दोघे दोन निराळ्या पक्ष्यांविषयी बोलत असतात. (पठाणी होला आणखी तिसराच मासला. आशियातला हा पक्षी गेल्या शतकात युरोपभर पसरत गेला आणि १९५५ साली त्याने इंग्लंडात पहिले घरटे केले. दूरदेशी गेला आणि तेथलाच झाला. आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये.)

शिकाऱ्याने मोजणीदार व्हावे यातही नवे काही नाही. सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. त्यांतल्याच एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची चौकशी करावयास ते १९०८ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आमचा पुतण्याही अलीकडे दुर्बीण घेऊन सकाळी निघतो आणि मोबाइलमध्ये याद्या भरतो. त्याची यादी काकांच्या वहीपेक्षा पुष्कळ चांगली: जाती अचूक, वेळ अचूक, आणि काही न दिसलेल्या दिवसाचीही नोंद. फक्त शेतात काय उभे होते हे त्यात नसे. आम्ही त्याला काकांची वही काढून दाखविली. त्याने ती उभ्या उभ्या चाळली, मग खाली बसून चाळली, आणि एवढेच विचारले, ‘‘आबा, हे पाटलांचे खळे नेमके कुठे होते?’’ आम्ही त्याला ती जागा दाखवून आणली. त्या दिवशीच्या त्याच्या यादीत पारवे आहेत, दोन कवडे आहेत, छोटा होला नाही. आणि शेवटी शेऱ्याच्या जागी त्याने लिहिले आहे: केळी, दुसरे वर्ष, ठिबक.