पद्मिनीस रंग कोणता?

आमच्या घरीं लग्नाचा शालू निवडतांनाहि कधीं झाला नाहीं एवढा वाद गेल्या मार्गशीर्षांत एका जुन्या मोटारीच्या रंगावरून झाला. मोटार माझ्या कै. वडील बंधूंची, १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही मूळच्या इटालियन वळणाची गाडी तयार होई, व ती मिळावी म्हणून नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. दादांनींहि पाहिली. मुंबईस काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत ती सर्वांच्या ओळखीची झाली. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्यांतील शेवटची टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, आणि ती बातमी वाचल्यापासून आमच्या पुतण्यानें ध्यास घेतला. "काका, गाडीला रंग द्यायचा, आणि तो घरींच, माझ्या हातानें. बाबांनीं तिला दुसऱ्या कोणाला हात लावूं दिला असता का?"

२०२१ सालच्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षें भरल्यावांचून मोटारीस 'विंटेज' म्हणवून घेतां येत नाहीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें गाडी अद्यापि तरुण, व घरांत प्राचीन काय तो मीच!

पुतण्याच्या मनांत 'टू-के' रंग भरला होता. या रंगांत ऐन वेळीं दुसऱ्या डब्यांतील हार्डनर मिसळतात. मग तो कांचेसारखा कठीण होतो, पेट्रोल सांडलें तरी सहसा डागळत नाहीं. माझा ओढा 'लॅकर'कडे होता, आणि खरें कारण सांगतों, तें व्याकरणाचें होतें. लॅकर हा शब्द आपल्या संस्कृत 'लाक्षा'वरूनच निघाला आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून तो युरोपांत गेला. आतांच्या मोटारी लॅकरमध्यें लाख मुळींच नसते; कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तें बनवितात. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत 'ड्यूको' या नांवानें तें बाजारांत आणलें, तेव्हां आठवडेच्या आठवडे लागणारें मोटार रंगविण्याचें काम अगदीं थोडक्या वेळांत होऊं लागलें. आपले सुतार कपाटास अजून 'ड्यूको' देतात, तो हाच शब्द. शिवाय लॅकरचा नवा थर खालच्या थरांत विरघळून एकजीव होतो, त्यामुळें पुढें ओरखडा पडला तरी तेवढाच भाग दुरुस्त करतां येतो. मात्र दमट हवेंत तें पांढुरकें पडतें. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यांत त्याचें नांव काढूं नये.

हें सर्व मीं मोठ्या तोऱ्यांत सांगितलें. सौ. शांतपणें म्हणाली, "लाक्षागृहाचें पुढें काय झालें, तेंहि सांगा."

तिचें म्हणणें खोटें नव्हतें. थिनरची वाफ एका ठिणगीनें पेट घेते. ८ डिसेंबर २०२३ रोजीं आमच्या तळवड्यांतच वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यांत आग लागून तेथें काम करणाऱ्या अनेक स्त्रियांचे प्राण गेले. त्यानंतर येथें कोणाच्या अंगणांत थिनरचा पिंप येणें शेजाऱ्यांसहि रुचलें नसतें.

पण याहून कठीण अडचण घरांतच होती. वहिनींना दमा आहे. टू-केच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. फवारतांना तें श्वासांत गेलें तर धडधाकट माणसासहि दमा जडूं शकतो. आणि एकदां जडला म्हणजे पुढें त्याचा अल्पसा अंशहि बाधतो. तें अपायकारक प्रमाणांत असतांना वासावरून कळेलच असेंहि नाहीं. कापडी मुखपट्टी तेथें निरुपयोगी. रंगाऱ्यास बाहेरून नळीनें स्वच्छ हवा पुरवावी लागते व काम बंदिस्त रंगखोलींत करावें लागतें. माझें स्पष्ट मत झालें कीं, राहत्या घराशीं हा रंग नकोच. पुतण्याचा चेहरा उतरला. "चार दिवस आईला निगडीला ताईकडे पाठवूं," तो म्हणाला.

वहिनी आंतून म्हणाल्या, "यांची गाडी रंगणार, आणि मी ती पाहायची नाहीं होय रे?"

त्यानंतर दोन दिवस कोणी विषय काढला नाहीं.

अखेर निवाडा एका चिंधीनें केला. थिनरांत भिजविलेली चिंधी जुन्या रंगावर घासावी: रंग विरघळून चिंधीस लागला तर तें लॅकर, सुरकुत्या पडून पापुद्रा सुटला तर साधें इनॅमल, आणि कांहींच झालें नाहीं तर बहुधा टू-के. आम्हीं दारावर घासली. दार वाळल्या आंब्यासारखें सुरकुतलें! वीस वर्षांपूर्वीं एका गॅरेजवाल्यानें गाडी पांढरी केली होती, ती इनॅमलनें. इनॅमलवर लॅकर मारल्यास हेंच व्हावयाचें. सारी गाडी पत्र्यापर्यंत खरवडल्याविना माझी लाक्षा तिला लागणार नव्हती. इनॅमलवर इनॅमल मात्र सुखानें बसतें. तें हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश वाळतें, धूळ पकडतें, उन्हांत लवकर फिकें पडतें. पण त्यांत तें आयसोसायनेट नसतें. चकाकीसाठीं झांकणभर हार्डनर घालावा असा सल्ला एका रंगाऱ्यानें दिला, तो आम्हीं मानला नाहीं. तसें केल्यास मागच्या दारानें तेंच विष घरांत यावयाचें.

छटेचा प्रश्न वहिनींनींच सोडविला. "मागची बैठक उचला," त्या म्हणाल्या. खालीं ऊन न लागलेल्या पत्र्यावर मूळचा फिकट निळा रंग जशाचा तसा होता. नोंदणीपुस्तकांतहि निळाच, मधल्या पांढऱ्याची नोंद करावयास आम्हीं विसरलों होतों, हें येथें कबूल करतों. दुकानदाराकडून तीन निळे आणून पत्र्याच्या तुकड्यांवर लावले, पुरते वाळूं दिले व सकाळच्या उजेडांत बैठकीखालीं धरून पाहिले. ओला रंग निराळा दिसतो, वाळलेला निराळा. घाई करणारा येथें फसतो.

घासणें, पुट्टी भरणें, वॉटरपेपर फिरविणें हें सर्व पुतण्यानें अंगणांत केलें, पाण्यानें, म्हणजे धूळ उडूं नये म्हणून. फवारणीसाठीं गाडी गांवाबाहेर एका स्नेह्याच्या मोकळ्या पत्र्याच्या छपरांत नेली. चाकणकडे जाणाऱ्या मालमोटारींची धूळ बसावी म्हणून पहाटे जमीन शिंपडली. पुतण्यानें कोळशाच्या गाळणीची मुखपट्टी बांधली. वहिनींची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगास, शंभर पावलांवर ठेवली होती. हातांत त्यांचा पंप होता.

दोन प्रहरीं रंग हातास चिकटेनासा झाल्यावर त्या जवळ आल्या. बॉनेटवर मधोमध एक चिलट अडकून वाळलें होतें. पुतण्या नखानें काढावयास गेला.

"राहूं दे," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या रंगांतहि एक होतें. डावीकडे."