धुऊन जाणारी शाई

साताऱ्यातल्या एका जुन्या दुकानात कॅमलच्या रॉयल ब्ल्यू शाईची, सील न फोडलेली बाटली मिळाली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांनी आरंभिलेल्या उद्योगाचीच ही पुढची पिढी. वडील साताऱ्यात शिक्षक असताना याच शाईने आईला सांगलीस पत्रे लिहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घरात शिरले. वडिलांची हिशेबाची वही भिजूनही वाचता येत होती. ती जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत होती. तिच्यातील लोहक्षार आणि टॅनिन हवा लागताच कागदाच्या तंतूंत काळे होऊन बसतात. रॉयल ब्ल्यू म्हणजे पाण्यात विरघळलेला निव्वळ रंग. हिशेब उरले, पत्रांवर निळसर डाग.

बाटलीत बुरशी नव्हती, तळाशी साका होता. न हलवता वरची शाई ड्रॉपरने काढली, तीही स्वस्तातल्या पेनात. वडिलांचे पेन पणाला लावण्याचे धैर्य झाले नाही. आता आई आठवून सांगते, मी उतरवून घेतो. बॉलपेनने लिहिलेस तर टिकेल, असे तिनेच सुचवले. मी ऐकले नाही. चार पत्रे झाली. पाचव्याचा मायना तिला आठवतो, पुढचे अजून नाही.