सशाचं हाड

अळणावरच्या आमच्या घरामागं एक शेळी असायची, चंद्री. दांडेलीकडून आलेलं लाकूड उतरवताना घरंगळलेल्या ओंडक्याखाली तिचा मागचा पाय सापडला. आजोबांनी बांबूच्या कामट्या तासल्या, उडदाचं पीठ अंड्याच्या पांढऱ्यात कालवलं, त्यात फडकं भिजवलं. मला म्हणाले, "मान घट धर. बघू नको तिच्याकडं." दीडेक महिन्यानं ती चालू लागली, लंगडत का होईना.

गेल्या वर्षी मी मोरीत घसरलो. गुडघ्याखाली नडगीचं टोकच खचलं. धारवाडच्या सर्जननं ते उचलून पट्टी बसवली आणि खालच्या पोकळीत सिरिंजनं पांढरा लगदा भरला. कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट. अंगाच्या उबेतच ते घट्ट होतं आणि हाडातल्या क्षारासारखं बनतं. पोकळी भरायची कल्पना जुनीच. ड्रेसमन या जर्मन सर्जननं १८९२ मध्ये त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरलं होतं.

"डॉक्टर, हे आधी कुणाच्या पायात घातलं?"

"सशांच्या."

मग मी वाचत बसलो. सशाला भूल देऊन मांडीच्या हाडाला, गुडघ्याजवळ, पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडतात. लगदा भरून टाके घालतात. मधे टेट्रासायक्लिन टोचतात. नवं हाड धरत असतं तिथंच ते चिकटतं. ठरलेले आठवडे भरले की ससा मारायचा, हाडाचे पातळ काप काढायचे. अतिनील उजेडात नव्या हाडाच्या पिवळ्या रेघा चमकतात. त्या मोजायच्या. शिवाय सशाचं हाड आपल्यापेक्षा लवकर भरतं, म्हणून पुढं बऱ्याचदा मेंढी नाहीतर शेळी लागतेच.

प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम १७ मध्ये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा टाळा असं म्हटलंय. लहान म्हणजे गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर. यादीत शेळी नाही हे पाहून मला हायसं वाटलं. आणि लगेच ओशाळल्यासारखंही.

हे बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिना चढतो तो त्याच लगद्यावर. पण आजोबांनी मोडलेलं बांधलं, इथं धडधाकट हाड आधी पोखरावं लागतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे मी जरा तोऱ्यातच ऐकवलं. ते नुसते हसले.

घरी येताना रेल्वेत आठवलं. त्याच उन्हाळ्यात चंद्रीला हल्याळच्या बाजारात विकलं होतं. लंगडी म्हणून भाव पडला, यावर आजोबा दोन दिवस कुरकुरत होते. घेणाऱ्यानं ती कशाला घेतली, ते घरात कुणी काढलं नाही.