इसक्कीचा हात

लहानपणी 'विरासत' पाहिला तेव्हा माझं लक्ष फक्त अनिल कपूरकडे होतं. त्याचा मूळ तमिळ सिनेमा 'तेवर मगन' (1992) परवा मोबाइलवर पाहिला. बाप शिवाजी गणेशन, लेक कमल हासन, चुलत भाऊ नासर. भावकी पेटलेली, तिघंही तोलामोलाचे. पण मी अडकले वडिवेलूपाशी. पुढे विनोदासाठी गाजलेला हा नट इथे घरचा गडी इसक्की आहे. धाकट्या मालकाच्या शब्दावर देवळाचं कुलूप तोडतो आणि हात गमावून बसतो.

आमच्या बांधाच्या भांडणातही डोकं फुटलं ते सालगड्याचं. टाके त्याला, कोर्टाच्या तारखा आम्हाला. त्याचं नाव आठवेना म्हणून आईला फोन केला.

"कशाला गं आता?" म्हणाली. तिलाही आठवत नव्हतं.