गळा कुठे मिळेल?

लोकगीतांची पुस्तके मराठीत भरपूर आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले, दुर्गाबाई भागवतांनी या विषयावर किती लिहिले. पण यातले कुठलेही पुस्तक उघडा, ओवी म्हटली कशी हे काही कळत नाही. श्वास कुठे घेतला, हेल कोणत्या शब्दावर दिला, ‘गं बाई’ मध्येच कुठे घातले, पहिलीची ओळ दुसरीने कशी उचलली, यातले काहीच छापता येत नाही. खेड्यातल्या बायका चालीला गळा म्हणतात. आपण शब्द जपले, गळा जपायचा राहून गेला.

*

मग तबकड्या? लावण्या, पोवाडे, भजने यांच्या तबकड्या निघाल्या. मुंबईत वडाळ्याला कारखाना असलेल्या ‘यंग इंडिया’ छापाच्या कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात हजारो काढल्या. मोठे गवय्ये बड्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून हिने नवख्या आणि हौशी गळ्यांना जागा दिली. तिचा बराच माल सुरेश चांदवणकर आणि इतर संग्राहकांच्या खटपटीमुळे ब्रिटिश लायब्ररीच्या संकेतस्थळावर चढवला गेला. जुन्या बाजारात धूळ खाण्याआधी तिथे काही मिळते का बघावे.

पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. रात्रभर चालणारा गोंधळ त्यात कसा बसणार? आणि जात्यावरच्या ओवीकडे तर कंपन्या फारशा फिरकल्याच नाहीत. जे पहाटे घरात आपसूक कानावर पडते ते विकत कोण घेणार, असा सरळ हिशेब असावा.

*

जुनी तबकडी हाती आलीच तर काही पथ्ये. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. साधे पाणी, मऊ कापड, आणि मधला कागद भिजू द्यायचा नाही. एलपीची सुई मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लावू नये. ती बारीक असते, खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी ऐकू येते. आणि ७८ हा आकडा फार जुन्या तबकड्यांच्या बाबतीत प्रमाण मानू नये. वेग थोडा जास्त झाला तरी तुणतुणे वर चढते आणि बाईचा आवाज पोरीचा होतो.

*

जात्यावरच्या ओव्यांचे खरे काम पुण्यात झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी, आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या. १९९६ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीततज्ज्ञ त्यात आले आणि गळे टिपायला सुरुवात झाली. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण आहे. २०१७ पासून ते ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येऊ लागले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या तिथे जरूर ऐका. त्याच ओव्या नुसत्या वाचल्या असत्या तर मी चार मिनिटांत पान उलटले असते.

या संग्रहाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ओवीपुढे म्हणणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ‘अज्ञात स्त्री’ असे लिहून कोणी हात झटकलेले नाहीत. हे काम उशिरा सुरू झाले, तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या आणि जाती कोपऱ्यात गेली होती. तरी झाले, हे आपले नशीब.

*

नावांवरून आठवले. भारतात तबकड्यांसाठी पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात झाली. छपाईसाठी सगळे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या माणसांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, पुढे ती पद्धत मागे पडली. मला ती नावे ऐकताना फार बरे वाटते. लावणीच्या शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूरावांचे नाव येते, ते रचणाऱ्याचे. गाणारीचे कुठे येते?

*

जत्रेतल्या कॅसेटी. जेजुरी, माहूर, तुळजापूर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत देवळाच्या वाटेवर दुतर्फा दुकाने आणि प्रत्येकावर वेगळे गाणे. वाघ्या-मुरळी, भारूड, देवीची गाणी. भीमगीतेही याच वाटेने घराघरांत गेली. वामनदादा कर्डकांची गाणी कितीतरी गळ्यांतून पोचली.

या कॅसेटी तबकड्यांपेक्षा दुर्मीळ झाल्या आहेत, असे माझे ठाम मत आहे. तबकडी जपणारे शौकीन आहेत, जत्रेची कॅसेट कोण जपतो? स्वस्तातल्या कॅसेटीला स्क्रू नसतात, कवच चिकटवलेले असते. आत पट्टी अडकली की पातळ पात्याने सांध्यावर हलके दाबत कवच उघडायचे, दोन्ही रिळे न सुटू देता उचलायची आणि स्क्रूच्या रिकाम्या कवचात बसवायची. पण सगळ्यांत आधी आतला कागद जपायचा. मुरळीचे नाव, ढोलकीवाल्याचे नाव, गाव, सगळे त्या बोटभर कागदावर असते.

जेजुरीच्या एका दुकानदाराला विचारले तर म्हणाला, “ताई, कॅसेट कशाला शोधताय? मेमरी कार्ड द्या, पाहिजे तेवढी गाणी भरून देतो.” त्याने दिलीही, मनापासून दिली. गाणी अस्सल होती. नावाच्या जागी नुसते ‘ट्रॅक झिरो वन’, ‘ट्रॅक झिरो टू’. आता एकेक गाणे घेऊन जुन्या वाघ्यांकडे जायचे, ऐकवायचे आणि विचारायचे: हा आवाज कुणाचा? एका म्हाताऱ्या वाघ्याने दिमडीचा ठोका ऐकूनच वाजवणाऱ्याचे गाव सांगितले. गाणारीला मात्र त्याने ओळखले नाही.

*

सध्या लग्नांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी मागते आहे. नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, आणि ज्यांनी तेव्हा शूटिंग केले त्या फोटोग्राफरांकडे. मला वधूवर नको असतात. हळदीच्या दिवशी, बँड यायच्या आधी, कॅमेरा मांडवात नुसताच फिरत असतो तेव्हा मागे म्हाताऱ्या बायका घाण्याची गाणी म्हणत असतात. कॅमेऱ्याचे लक्ष दागिन्यांवर, पण माइक उघडा असतो. कोकणातल्या घरांत आखाती देशांत गेलेल्या मुलांसाठी भरलेल्या निरोपाच्या कॅसेटीही असतात. त्यात कुठे आई गायली असेल तर तेही हवे. बहुतेक घरांतून उत्तर येते, “त्यात काही नाही हो, आमच्या आजीची बडबड आहे.” मी म्हणते, तीच द्या, आणि आजींचे पूर्ण नाव लिहून द्या, माहेरच्या गावासकट.