वरवंट्याला पाय लागला तर

केरसुणीला पाय लागला की आमच्या पिढीचा हात अजून आपोआप छातीशी जातो. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत आजी पाठमोरी असली तरी तिला ते कळायचं. "काहून लाथाडतं त्याले? पाया पड पयले!" खंडेनवमीला तर अडकित्ता, विळा, शिवणयंत्र, बाबांची सायकल, साऱ्यांना हळदकुंकू लागायचं.

पण माझा जीव अडकला तो वरवंट्यात. वर्षातून एकदा टाकी लावणारी बाई गल्लीतून हाक देत यायची. ओसरीवर पाटा आडवा करून छिन्नीनं बारीक बारीक टिपके घालायची. दगडाचे कण उडायचे, आम्ही डोळे मिटून घ्यायचो. पहिल्यांदा थोडे तांदूळ वाटून फेकून द्यायचे, कच निघून जावी म्हणून. मग हिरव्या मिरचीचा ठेचा. पाट्याला टाकी लागायची, पण वरवंट्याची टोकं गुळगुळीतच राहायची. आधी पणजीच्या, मग आजीच्या, मग आईच्या तळव्यांनी ती झिजवलेली.

बारशाला हाच वरवंटा कुंची घालून, काजळ-कुंकू लावून गोपा व्हायचा आणि बाळाच्या आधी पाळण्यात जायचा. सकाळी ज्यानं चटणी वाटली, त्यालाच संध्याकाळी बायका गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याखालून एकमेकींच्या हातात द्यायच्या. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. रोज हाताला लागणाऱ्या वस्तूवरच घरानं आपलं लेकरू सोपवावं, याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

आमच्या वऱ्हाडाला हे परकं कसं वाटावं? शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजींना जगानं नावच दिलं ते हातातल्या गाडग्यावरून. गावात शिरले की गाडगेबाबा आधी खराटा हाती घेत, आणि पाया पडू मात्र कुणाला देत नसत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीपाशी ते गेले. आमचे आजोबा अंगण झाडून झालं की खराटा स्वतः भिंतीशी उभा करून ठेवत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मिक्सर आला, वाडा गेला, पाटा तिथंच राहिला. वरवंटा तेवढा आईनं लुगड्यात गुंडाळून अकोल्याच्या फ्लॅटवर आणला. परवा तिच्या नातीचं बारसं झालं. गॅलरीतला वरवंटा उन्हानं चांगलाच तापला होता. सुनेनं तो नळाखाली धरून गार केला, पुसला, कुंची चढवली आणि दोन्ही हातांनी उचलून म्हणाली, "आई, जड आहे हो हा!"

"मान धर त्याची," आई म्हणाली.