तेरा माणसांचें वऱ्हाड, डिस्ने वर्ल्डला

वऱ्हाड घेऊन लग्नाला जाणें त्या मानानें सोपें. तेथें मांडव एक, पंक्तीची वेळ ठरलेली, आणि कंटाळलेल्या माणसास कोपऱ्यांत लोडाला टेकून डुलकी काढण्याची मोकळीक. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने वर्ल्ड आहे. तेथें वऱ्हाड न्यावयाचें म्हणजे मांडव शोधण्यापासून पंक्ति उठविण्यापर्यंत सगळें आपल्याच शिरावर. २०२४ च्या जून महिन्यांत आम्ही तेरा जण तेथें चार दिवस राहून आलों. पुण्याहून सासूबाई, यजमान व मी; न्यू जर्सीहून धाकटे भावजी, जाऊबाई व त्यांचे दोन मुलगे; टेक्ससहून आमची लेक, जांवई व त्यांचीं दोन लहानगीं; आणि वन्सं व त्यांचे यजमान. सासूबाईंचें वय ७८, धाकट्या पणतीचें एक. हें सारें कुटुंब एके ठिकाणीं जमण्यास नऊ वर्षें लागलीं होतीं. त्यामुळें या सहलीवर प्रत्येकाचा जीव होता, आणि पहिली चूक झाली तीही त्यामुळेंच.

जाण्यापूर्वी एक समजूत मनांतून काढून टाकावी. डिस्ने वर्ल्ड ही एखादी मोठी बाग नव्हे. सुमारें २५ हजार एकरांच्या त्या मुलखांत चार स्वतंत्र उद्यानें आहेत, शिवाय दोन जलोद्यानें. पैकीं पहिलें, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें. ज्यांची ही कल्पना ते वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येंच वारले होते. त्यांचे वडीलबंधु रॉय यांनीं तें काम तडीस नेलें, आणि उद्यान उघडलें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेही गेले. हें वाचून दाखविलें तेव्हां आमचे यजमान व भावजी क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. असो. एका दिवशीं एकच उद्यान पाहावें. दोन पाहण्याचें तिकीट मिळतें, पण मोठ्या कुटुंबानें त्याच्या नादीं लागूं नये. तीन वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं, तीन ते नऊ वर्षांच्या मुलास थोडें कमी पडतें, आणि दहा पुरीं झालीं कीं तें मूल प्रौढांत मोजलें जातें. जाऊबाईंच्या धाकट्याला दहा पुरीं होऊन आठच दिवस झाले होते. हा सन्मान तो चारही दिवस मिरवीत होता.

बिऱ्हाडासाठीं आम्हीं शेजारच्या किसिमी गांवांत एक घर भाड्यानें घेतलें. हॉटेलांत तेरा माणसें चार खोल्यांत विभागलीं जातात. घरांत स्वयंपाकघर असलें कीं रात्रीं आमटीभाताला तरी सगळीं एकत्र येतात. उद्यानांत खाण्याचे पदार्थ नेऊं देतात. कांचेचीं भांडीं व दारू मात्र नाहीं. आम्हीं दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या व खोबऱ्याची चटणी नेत असूं. बर्फाचें पाणी झटपट फराळाच्या दुकानांतून मागतांच फुकट मिळतें. बाटल्यांचें ओझें वाहूं नये. एक वेळ मात्र बसून जेवावें, आणि त्या जागा ६० दिवस अगोदर राखाव्या. आम्हीं सना नांवाचें उपाहारगृह निवडलें. तेथें निरनिराळ्या चटण्यांबरोबर नान वाढतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरतांना दिसतात.

पहिल्या दिवशीं मॅजिक किंगडम. मोटार ठेवण्याची जागा तळ्याच्या अलीकडे. तेथून एकरुळी गाडीनें किंवा बोटीनें पुढें जावें लागतें. घरापासून दारापर्यंत दीड तास धरावा आणि उघडण्याच्या अर्धा तास आधीं पोंचावें. सकाळच्या दोन तासांत जेवढें पाहून होतें, तेवढें दुपारच्या चार तासांत होत नाहीं. अधिक पैसे भरून लांब रांग टाळण्याची सोय आहे. तिचें नांव व दर वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढतेवेळींच चौकशी करावी. तेरा माणसांची मिळून ती रक्कम पाहतांच यजमानांनीं कागदाची घडी घातली.

आमचा निश्चय असा कीं, सर्वांनीं सर्व कांहीं एकत्रच पाहावयाचें. नऊ वर्षांनीं भेटलों, मग वेगळें व्हावयाचें कशाला? पण अंधारांत धांवणाऱ्या स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते. चार वर्षांचा आमचा नातू त्या खुणेखालीं रडत उभा राहिला. एक जण पाणी प्यावयास गेला कीं बारा जण उन्हांत ताटकळलेले. आणि सासूबाई चालत होत्या. चाकांची खुर्ची दारापाशींच भाड्यानें मिळते, ती घेऊं या, असें लेकीनें सुचविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "मी कांहीं पांगळी झालें नाहीं." सत्तरीपर्यंत रोज पर्वती चढलेल्या बाई, कोणी पुढें बोललें नाहीं.

दुपारीं एकच्या सुमारास मीं मागें पाहिलें, तों त्या नाहींत! प्रत्येकाला वाटत होतें, त्या दुसऱ्या कोणाबरोबर असतील. वीस मिनिटांनीं सांपडल्या, एका झाडाखालच्या बांकावर, चपला काढून बसलेल्या. टांचेला मोठा फोड आला होता. "तुमचा दिवस मोडूं नये म्हणून बोललें नाहीं," एवढेंच म्हणाल्या. बारा जणांपैकीं एकालाही त्यांची चाल मंदावलेली दिसली नव्हती. त्या रात्रींचा आमटीभात कोणाला गोड लागला नाहीं.

जेवणानंतर भावजींनीं कागद घेतला. तीन गट पाडले, प्रत्येकाला एक जबाबदार माणूस, आणि दुपारीं एक वाजतां सर्वांची भेट. भेटीची जागा "किल्ल्यापाशीं" अशी मोघम सांगूं नये. १८९ फूट उंचीच्या किल्ल्याला बाजू पुष्कळ. अमुक दुकानाचें दार, असें सांगावें. लहान मुलांच्या मनगटावर आईचा फोन नंबर लिहावा, आणि हरवल्यास नांवाचा बिल्ला लावलेल्या नोकरालाच सांगावयाचें, हें सकाळीं घोकून घ्यावें. ज्या गाडींत चिमुकल्यांना मज्जाव, तेथें आईबापांपैकीं एकानें मुलाजवळ थांबावें. पहिला परत आला कीं दुसऱ्याला पुन्हां सगळ्या रांगेंत उभें न राहतां जातां येतें. ही सोय मागितल्यावांचून मिळत नाहीं, म्हणून रांगेच्या तोंडाशींच विचारावें. खुर्ची असली म्हणजे रांग टळते, असें मात्र समजूं नये.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां मॅजिक किंगडमच. खुर्चीचा प्रश्न भावजींच्या थोरल्या मुलानें सोडविला. पंधरा वर्षांचा मुलगा, मराठी मोडकें, म्हणाला, "आजी, तू बस, मी ड्रायव्हर." त्याच्या हौशीसाठीं म्हणून त्या बसल्या.

त्या भागांत जूनमध्यें दुपारीं बहुधा गडगडाटासह पाऊस येतो, आणि विजा चमकूं लागल्या कीं उघड्यावरच्या गाड्या बंद पडतात. पातळ रेनकोट घरूनच न्यावे. त्या दिवशीं तीन वाजतां असाच पाऊस आला आणि आजी व नातू 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' या नाट्यगृहांत शिरलीं. मीही मागोमाग गेलें. हें नाट्यगृह १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनासाठीं तयार झालें आणि १९७५ पासून फ्लोरिडांत आहे. यांत रंगमंच स्थिर असतो आणि प्रेक्षकच बसल्या जागीं त्याभोंवतीं फिरतात. यंत्राचीं माणसें असलेलें एक अमेरिकन कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढें येतें, आणि दर प्रवेशाला घरांत नवीं यंत्रें वाढतात. पहिल्या प्रवेशांतील बिडाची शेगडी पाहतांच सासूबाई पुढें वांकल्या. राजापुराकडील त्यांच्या माहेरीं त्या मॅट्रिक होईतों वीज नव्हती. चूल, बंब, कंदिलाच्या काजळलेल्या कांचा, सगळें त्या नातवाला सांगूं लागल्या. "फुंकणी म्हणजे काय?" त्यानें विचारलें. त्यांनीं उद्यानाच्या नकाशाची सुरळी केली आणि फुंकर घालून दाखविली. मग त्यानें घातली. पाऊस थांबला नव्हता; दोघें दुसऱ्यांदा आंत गेलीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही डबे भरीत होतों. सासूबाई चपला घालून दारांत उभ्या, आणि खुर्ची आज कोणी ढकलावयाची यावरून दोघां भावांचें भांडण जुंपलें होतें.